भाऊसाहेबांना आग्रह नको

मी दिवा घ्यायला गेले होते. छताला लावायचा एक साधा, पांढरा दिवा. त्या शनिवारी मला आयुष्याकडून बाकी काहीही नको होतं.

जपानमध्ये भाड्याचं घर घेतलं की किल्ली मिळते, चार भिंती मिळतात आणि कमरेत वाकून केलेला एक नमस्कार मिळतो. दिवे आणि पडदे ज्याचे त्याने आणायचे. मी टोकियोत आले ती २०११च्या मोठ्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी. तेव्हा इथली बरीचशी परदेशी माणसं आपापल्या देशी परतली होती, कंपन्यांना इंजिनिअर मिळत नव्हते आणि मला चिंचवडपासून कुठेतरी लांब जायचं होतं. दोन वर्षांत हे तिसरं घर, तरी दर वेळी मी दिव्याचं विसरते. ओजिमाच्या या नव्या घरात आठवडाभर मी फ्रिजचं दार उघडं ठेवून त्याच्या उजेडात जेवत होते. जेवत म्हणजे, कोपऱ्यावरच्या कॉन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, आणलेला भाताचा त्रिकोण कागद सोडवून खात होते.

तेवढ्यात मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप दिसला. ‘सायोनारा सेल. कायमचा भारतात चाललोय, सगळं काढायचं आहे. छताचा दिवाही आहे.’ देश सोडून जाणारा माणूस दोन दिवसांत आपला संसार विकतो, त्याला इथे सायोनारा सेल म्हणतात. पत्ता निशी-कसाईचा. मी छत्री उचलली.

जूनचा पाऊस होता. इथला हा पाऊस कोसळत नाही, दिवसभर नुसता ठिबकत राहतो. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं. आत मोकळ्या खोलीत, जमिनीवर भिंतीला टेकून एक माणूस बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाची एक बाही वर, एक खाली.

“दिवा?” मी विचारलं.

“गेला. सकाळीच.”

“मग ग्रुपवर तसं लिहायचं ना! मी पावसातून एवढी—”

“सॉरी. फोन चार्ज करायचा राहिला.” तो उठायला लागला आणि अर्ध्यात थांबला. “तुम्ही बसा ना... म्हणजे, खुर्च्याही गेल्या.”

इतकं दमलेलं माणूस मी माझ्या आरशाशिवाय कुठे बघितलं नव्हतं. रागवायचं राहूनच गेलं. परत फिरणार, तर कोपऱ्यात उजेड दिसला. जाळीचा उंच पिंजरा, वर एक लख्ख दिवा आणि आत मनीप्लँटची गर्दी.

“हा आहे की दिवा!”

“तो एकटा जात नाही,” तो म्हणाला. “खाली राहणाऱ्यासकट घ्यावा लागेल.”

पानांच्या मागून एक डोळा माझ्याकडे वळला. दुसरा डोळा त्याच वेळी त्या माणसाकडे बघत होता. हिरवं अंग, डोक्यावर टोपीसारखा तुरा, शेपटीची गुंडाळी.

“अगं बाई. सरडा?”

“घोयरा. आमच्या दापोलीकडे घोयरा म्हणतात. शॅमेलिऑन. हा अर्थात इथल्या दुकानातला. नाव भाऊसाहेब.”

“भाऊसाहेब?”

“चालताना एक पाऊल उचलतो, त्यावर विचार करतो, मग ठेवतो. आमच्या शाळेचे हेडमास्तर असेच चालायचे.” आणि तेव्हा तो पहिल्यांदा हसला. “मी अद्वय.”

“चैत्राली.”

भाऊसाहेबांना घेऊन जाणार होता तो विद्यार्थी ऐनवेळी नको म्हणाला होता. भारतात न्यायची सोय नव्हती. घर सोडून अद्वय विमानाच्या दिवसापर्यंत महिनाभर ओजिमालाच नीलकंठ नावाच्या मित्राकडे राहणार होता, पण नीलकंठची बायको गीता हिने स्वच्छ सांगितलं होतं, घरात एक तर तो प्राणी राहील नाहीतर मी. हे सगळं तो तक्रार न करता, खालच्या आवाजात सांगत होता.

दमलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचेही श्रम होतात. मी ‘हो’ म्हणून बसले.

निशी-कसाईहून ओजिमाला गाड्या बदलत जावं लागतं, म्हणून आम्ही बस धरली. पिंजरा चादरीत गुंडाळून दोघांच्या मांडीवर, अर्धा-अर्धा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, पक्षी आहे का? अद्वयने चादरीचं टोक जरासं उचललं आणि जपानीत गंभीरपणे ओळख करून दिली, “हे भाऊसाहेब-सान.” बाई बसल्या जागी वाकल्या. मला हसू आवरेना. कित्येक आठवड्यांत मी हसले नव्हते, हेही मला तेव्हाच कळलं.

पिंजरा दाराशी ठेवून त्याने बटण दाबलं आणि माझ्या घरात पहिल्यांदा उजेड पडला. भिंतीला लागून रचलेली खोकी त्यात उघडी पडली.

“आठवडा झाला म्हणालात ना इथे येऊन?” त्याने विचारलं.

“तुम्ही भाऊसाहेबांचं बघा.”

त्याने बघितलं. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी फवारायचं. या डब्यात रातकिडे आहेत, जिवंत, ते आत सोडायचे. हात लावायचा नाही. बूट घालताना तो थांबला.

“एक सांगतो. जागा बदलली की यांच्यातले काही खाणंपिणं सोडतात. सोडलं की मग फार दिवस काढत नाहीत. महिनाभर मी आहे. तेवढ्यात तो इथे रुळला पाहिजे.”

“आणि नाही रुळला तर?”

त्याने दुसरा बूट चढवला. दार ओढून घेतलं.

*

भाऊसाहेबांनी खरोखरच खाणं सोडलं.

आता मी ज्या घरात वाढले तिथे पाहुणा जेवला नाही की माझी आई रात्रभर तळमळते. ताटावर हात आडवा धरला तर ती हातावर पोळी वाढते. तेव्हा मी काय केलं असेल ते सांगायला नको. सकाळी उठले की पिंजऱ्यापुढे. “घ्या भाऊसाहेब, एवढा एकच.” चिमट्यात रातकिडा धरून त्यांच्या तोंडाशी. तो नको तर पपईची फोड. ती नको तर कोथिंबिरीचं पान. ऑफिसमधून आले की पुन्हा पिंजऱ्यापुढे मांडी घालून, नाक जाळीला लावून. भाऊसाहेब फांदीच्या मागच्या बाजूला सरकत. मी पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला जात असे.

पुढच्या रविवारी मंडळातली चार माणसं घर बघायला आली. घर बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळ्यांनी भाऊसाहेबांना बघितलं. कुणी टिचकी वाजवली, कुणी शीळ घातली. आपली माणसं. प्रेमाने करत होती. ती गेली तेव्हा भाऊसाहेब काळे पडले होते. डोळे आत गेलेले आणि भर दिवसा मिटलेले.

मी अद्वयला फोन लावला. “तो मरतोय,” एवढंच म्हणता आलं.

तो समोरच्याच इमारतीतून छत्रीशिवाय धावत आला. आत पाऊल टाकलं, पिंजरा बघितला, दार बघितलं, दारासमोर भिंतीला टेकवलेला माझा आरसा बघितला. घरात मी तेवढी एकच वस्तू खोक्यातून काढली होती.

“आठवडाभर तो आरशासमोर आहे?”

“का? काय झालं?”

“त्याला वाटतंय दुसरा एक घोयरा चोवीस तास त्याच्याकडे बघतोय. आणि हे काय... कोथिंबीर?”

“तो काही खात नाहीये म्हणून मी—” माझा आवाज फुटला. “मी सगळं करून बघितलं हो. सारखी त्याच्याजवळ बसून असते. जरा म्हणून नजरेआड करत नाही.”

अद्वयने खाली पडलेलं कोथिंबिरीचं पान उचललं. मग हळूच म्हणाला, “चैत्राली, त्याच्या जगात इतकं टक लावून फक्त एकच जण बघतो. जो त्याला खाणार असतो तो.”

मला खूप लाज वाटली. तो मात्र रागावला नाही. आरसा उचलून त्याने बाथरूममध्ये नेला. माझी दोन खोकी एकावर एक रचून त्यावर पिंजरा उंच ठेवला. “यांना माणसाच्या डोक्याच्या वर बसायला आवडतं. तुमची खोकी कामाला आली बघा.” तीन बाजूंनी माझ्या ओढण्या लावल्या. चहाच्या रिकाम्या बाटलीला सुईने भोक पाडून ती वर टांगली. थेंब पानावर, पानावरून दुसऱ्या पानावर. “साचलेलं पाणी त्याला दिसत नाही. पाणी हललं की दिसतं.”

“आता?”

“आता त्याच्याकडे पाठ करून बसायचं.”

“आणि?”

“आणि काही नाही. बघायचं नाही, बोलवायचं नाही, आग्रह करायचा नाही. आपण आहोत आणि आपण त्याला काही करत नाही, एवढं त्याला कळू द्यायचं.”

आम्ही पिंजऱ्याकडे पाठ करून जमिनीवर बसलो. समोर बाल्कनीची काच, काचेपलीकडे पाऊस. शेजारी बसलेल्या माणसाशी मान न वळवता बोलायचं, तेही हळू आवाजात. गंमत म्हणजे असं बोलणं फार सोपं असतं. चेहरा सांभाळावा लागत नाही.

“तुम्ही परत का चाललात?” मी काचेला विचारलं.

“दमलो.”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी आणखी विचारलं असतं. त्याला विचारावंसं वाटलं नाही. मला कळलं होतं.

बाहेर अंधारून आलं तसं काचेत आमचं प्रतिबिंब दिसायला लागलं. दोन जमिनीवर बसलेली माणसं आणि त्यांच्यामागे उंचावर उजेडातली हिरवी पानं. काचेतला अद्वय माझ्याकडे बघत होता. मी बघितल्यावर त्याने नजर काढली नाही, फक्त भुवईने खूण केली... मागे बघ. काचेतच.

पानं हलत होती. एक काळं बोट पुढे आलं, थांबलं, विचार केला. मग भाऊसाहेबांनी तोंड उघडलं आणि थेंब सरळ आत पडू दिला. एक, मग आणखी एक.

मी अद्वयचं मनगट घट्ट धरलं होतं. ते कधी धरलं मला आठवत नाही. तोही सोड म्हणाला नाही.

*

भाऊसाहेब पाणी प्यायला लागले, तरी खाणं नव्हतंच. मग अद्वय रोज सकाळी यायला लागला. माझ्या ऑफिसच्या आधी अर्धा-पाऊण तास. येताना कॉन्बिनीतली कॉफी, दोन कप. मी दार उघडायचे, आम्ही खालमानेने पिंजऱ्यापाशी जायचो, तो गुपचूप रातकिडे सोडायचा आणि मग पाठ करून बसायचं. दोन-चार दिवसांत ‘तुम्ही’ गळून पडलं. मी त्याला “झोप झाली का रे?” असं विचारून गेले आणि तो “नाही गं” म्हणाला, तेवढ्यावर ते झालं.

त्याची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. तो मातीवर काम करायचा. त्सुनामीत सेंदाईजवळची भातशेती समुद्राखाली गेली, पाणी ओसरलं पण मीठ राहिलं. ते मीठ मातीतून कसं आणि किती निघतं, हे तो त्याच्या सेन्सेईंबरोबर, म्हणजे प्राध्यापकांबरोबर, मोजत होता. टोकियोतून तिकडे जायचं, चिखलात उभं राहायचं, परत येऊन आकडे लावायचे.

“आणि भाऊसाहेब?”

“लॅबमध्ये मार्क नावाचा फ्रेंच मुलगा होता. त्याचे. भूकंपानंतर त्याच्या घरचे रडायला लागले, ये म्हणून. एअरपोर्टच्या बसमध्ये चढता चढता त्याने पिंजरा माझ्या हातात दिला. दोन आठवड्यांत येतो म्हणाला.” कॉफीचा घोट. “माझी आईही रोज फोन करायची. मी म्हणायचो, येतो गं, पण या मुक्या जिवाला कुणाकडे देऊ? लोकांना वाटलं अद्वय धाडसी आहे. मी एका घोयऱ्यासाठी थांबलो होतो.”

“मग आता त्याला सोडून कसा चाललास?”

बोलले आणि जीभ चावली. पण तो दुखावला नाही.

“सेन्सेई म्हणतायत अजून एक वर्ष थांब. सेंदाईलाच राहा, या वर्षी सगळ्या शेतांत भात उभा राहील, ते बघ तरी. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिकीट मात्र काढून ठेवलंय.” तो काचेवरच्या थेंबाकडे बघत राहिला. “तिकडे शेतकरी म्हणतात थांबा, इकडे सेन्सेई म्हणतात थांबा. कामासाठी थांब असं सगळेच म्हणतात. मला घरी जाऊन झोपायचंय, चैत्राली.”

माझा फोन वाजत होता. आईचा. मी तो पालथा घातला.

“घे की.”

“नको. पुन्हा एक स्थळ असेल. स्काइपवर. कॅमेऱ्यासमोर बसायचं, तिकडे मुलगा, मुलाची आई, मागे सोफ्यावर मावशी. जरा उजेडात बस, जरा हसून बोल.” मी कॉफीचा कप गुडघ्यावर फिरवत म्हणाले, “त्या दिवशी तू भाऊसाहेबांचं सांगितलंस ना, टक लावून कोण बघतं ते... मला वाटलं, अरे, हे मला आधीच माहीत होतं.”

तो हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, “मी तुझ्याकडे कधी तसं बघितलं नाही ना?”

“तू बघतच नाहीस. पाठ करून बसायचा नियम तुझाच.”

“काचेत बघतो,” तो म्हणाला. “ते नियमात बसतं.”

त्या दिवशी ऑफिसमध्ये मी एकच मेल तीनदा पाठवला आणि मला माझ्या वरिष्ठ यामादा-सानची तीनदा माफी मागावी लागली. मला अद्वय आवडायला लागला होता. इतका, की सकाळी कॉफीचे कप घेऊन तो जिना चढायला लागला की मला पायरीगणिक ऐकू यायचं. आणि तो जाणार होता. आणि मी इतकी दमलेली होते की, त्याच्या जाण्याचं दुःख करायला अंगात जोर कुठून आणायचा, हेच मला कळत नव्हतं.

*

एका गुरुवारी, तो यायच्या आधी, मी खुर्चीवर बसून मोजे घालत होते. पाठ पिंजऱ्याकडे. आता ती सवयच झाली होती. मागून आवाज आला. ‘टप्.’ बारीक, ओला. मी श्वास रोखला. पुन्हा ‘टप्’, आणि मग कुरकुरीत काही चावल्याचा आवाज.

भाऊसाहेब जेवत होते!

मी एक मोजा घालून खोलीभर नाचले. आवाज न करता. मग फोन उचलला, अद्वयचं नाव काढलं... आणि बोट थांबलं. भाऊसाहेब रुळले. म्हणजे उद्यापासून अद्वयने इथे यायचं कारण संपलं.

जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं.

“खाल्लं काही?” त्याने दारातच विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. पिंजऱ्याकडे बघितलं नाही. “हं,” तो म्हणाला. “मग उद्या येतो परत.”

आणि तो येत राहिला. रोज मी “नाही” म्हणायचे आणि रोज तो “हं” म्हणायचा. माझ्या पाठीमागे भाऊसाहेब दिवसेंदिवस पोपटी होत चालले होते, आणि तो इतका जाणकार माणूस मान वळवून एकदा बघत कसा नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. चोर स्वतःच्याच काळजीत असतो.

मधल्या दिवसांत एक गोष्ट घडली. त्याला कॉफीबरोबर काहीतरी द्यावं म्हणून मी पोह्यांसाठी कढई शोधली. त्यासाठी एक खोकं उघडलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाळणीसाठी दुसरं. असं करता करता पिंजऱ्याखालची दोन सोडली तर भिंत मोकळी झाली.

*

पाऊस संपला. इथे पाऊस संपल्याचं सरकारी खातं जाहीर करतं, टीव्हीवर सांगतात. त्या रविवारी ऊन लख्ख पडलं होतं, खालच्या झाडांवर किडे कर्कश ओरडत होते, आणि अद्वयचं विमान मंगळवारी होतं.

मी त्याला जेवायला बोलावलं. वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्या, आणि शेवटच्या खोक्यातून पोळपाट निघाला म्हणून पोळ्या. माझ्या पोळ्या गोल होत नाहीत. आम्ही नेहमीच्या जागी बसलो, पिंजऱ्याकडे पाठ, काचेकडे तोंड. पण बाहेर इतका उजेड होता की काचेत काही दिसेना. नुसता समोरच्या इमारतींवर वाळत घातलेल्या गाद्यांचा रंग.

“खोकी कुठे गेली?” त्याने विचारलं.

“संपली.”

तो एक पोळी जेवला. ताट रिकामं झालं. माझा हात सवयीने डब्याकडे गेला, आणि मी तो मागे घेतला. महिनाभरात मी तेवढं शिकले होते. ज्याला नकोय त्याच्या तोंडाशी काही न्यायचं नाही. ज्याला जायचंय त्याला थांब म्हणायचं नाही. तो दमलाय, त्याला घरी झोपायचंय, हे त्याने स्वतः सांगितलं होतं. मी घट्ट हात बांधून बसले.

पण खोटं तसंच ठेवून त्याला निरोप देणं मला जमेना.

“अद्वय, एक सांगायचंय. भाऊसाहेब खातात.”

“हो?”

“कधीपासूनच. मी तुला खोटं सांगत होते. रोज.”

“माहीत आहे.”

मी मान वळवली. नियम मोडून, सरळ त्याच्याकडे. “माहीत आहे?”

“दारातून आत आल्या आल्या दिसतो तो, चैत्राली. कच्च्या कैरीसारखा हिरवा झालाय. आणि रातकिड्यांचा डबा मीच भरतो ना? त्यातले कुठे जातात, ते मला कळत नाही असं वाटलं तुला?”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर उद्या यायला काय कारण सांगितलं असतं?” तोही आता वळला होता. त्याचे कान लाल झाले होते. “रोज ठरवायचो की आज तिने खरं सांगितलं तर आपणही खरं सांगायचं. तू काही सांगेनास.”

“काय खरं?”

“की मला तू हवी आहेस. आणि तिकीट अजून रद्द होऊ शकतं. आणि सेन्सेईंना उद्या सकाळपर्यंत उत्तर द्यायचंय.” एवढं एका दमात बोलून तो थांबला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, “तू मला थांब म्हणाली नाहीस.”

“कसं म्हणणार? तूच म्हणालास की सगळे थांब थांब म्हणतात. तू दमलायस. मी आणखी आग्रह कुठे करू? तूच शिकवलंस ना, आग्रह करायचा नाही म्हणून!”

“ते भाऊसाहेबांसाठी होतं गं.” तो कळवळून म्हणाला. “मी माणूस आहे. दापोलीचा आहे. मला दोनदा विचारल्याशिवाय काही घेता येत नाही.”

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले. एवढा शिकलेला माणूस, बसमधल्या बाईंना जपानीत भाऊसाहेबांची ओळख करून देणारा, रिकाम्या ताटापुढे बसून माझ्या आग्रहाची वाट बघत होता. आणि मी हात बांधून बसले होते.

“थांब,” मी म्हणाले.

“नको, कशाला...” त्याचा हात आपोआप ताटावर आडवा गेला. “उगीच तुला त्रास.”

“अद्वय! थांब ना रे. कामासाठी नको. शेतांसाठी पण नको. तिकडे सेंदाईला हवा तेवढा झोप. शनिवारी गाडीत बसून इकडे ये, इथे झोप, मी उठवणार नाही. पण थांब.”

आणि आईसारखीच, त्याच्या आडव्या हातावर मी पोळी वाढली.

त्याने पोळीकडे बघितलं. मग तिच्यासकट हात उलटा करून ती ताटात घेतली.

“बरं,” तो म्हणाला. “अर्धीच.”

“अर्धी-बिर्धी मिळणार नाही. पूर्ण वर्ष.”

तो हसला. महिन्याभरापूर्वी त्या रिकाम्या खोलीत हसला होता तसा, पण या वेळी ते हसू लवकर मिटलं नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं होती तशीच होती. माझीही असणार. बाथरूममधला आरसा मी काही बाहेर आणला नव्हता.

“आता बघू का तुझ्याकडे?” त्याने विचारलं. “काचेत दिसत नाहीये.”

“बघ.”

त्याने बघितलं. मी उजेड बघून बसले नव्हते, हसूनही बोलत नव्हते, गालावर पाणी होतं आणि बोटांना कणीक. तरी मला कुठे लपावंसं वाटलं नाही.

मागे, उंचावर, पानांत कुठेतरी ‘टप्’ असा आवाज झाला. दोघांनीही तो ऐकला. पण वळून कुणी बघितलं नाही.